कमी वेळात एमआरआय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकच्या एमआरआय सेंटरांवर येणारे पेशंट, त्यांचे नातेवाईक, कन्सोलवर बसणारे टेक्निशियन आणि रेडिओलॉजी शिकणारी मुलं हे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. पेशंटच्या कामाचे प्रश्न १ ते ५ मध्ये आले आहेत. बाकीच्यांनी थेट ६ पासून सुरुवात केली तरी काही अडणार नाही.

१. एक्स-रे क्षणात होतो, सीटी दोन मिनिटांत होतो. मग एमआरआयलाच अर्धा तास का?

एक्स-रेमध्ये किरण आरपार जातात आणि सावली पडते. एमआरआयमध्ये अशी सावली नसते. मशीन शरीरातल्या पाण्यातल्या आणि चरबीतल्या हायड्रोजनला रेडिओ लहरीने हलवतं, त्यातून येणारा क्षीण सिग्नल ऐकतं आणि हायड्रोजन पुन्हा जागेवर बसेपर्यंत थांबतं. १.५ टेस्लाच्या (टेस्ला म्हणजे मॅग्नेटची ताकद मोजण्याचं एकक) मशीनवर ही लहर साधारण ६४ मेगाहर्ट्झची असते, म्हणजे एफएम रेडिओच्या पट्ट्याच्या थोडी खाली. एका फेरीत माहितीची एक किंवा मोजक्याच ओळी मिळतात आणि एका चित्राला अशा दोन-तीनशे ओळी लागतात. शिवाय एका तपासणीत पाच-सहा सिक्वेन्स, म्हणजे वेगवेगळ्या प्रकारची स्कॅनं, असतात.

मशीनच अजून जोरात का चालवत नाहीत, हा पुढचा प्रश्न ठरलेला. ग्रेडियंट (जागेनुसार बदलणारी जादा चुंबकीय क्षेत्रं) एका मर्यादेपलीकडे झपाट्याने बदलले तर पेशंटच्या नसा उत्तेजित होतात, मुंग्या येतात, स्नायू फडफडतात. ती मर्यादा शरीराची आहे. त्यामुळे कमी मोजायचं आणि उरलेलं गणिताने भरून काढायचं, एवढीच वाट राहते. खालची सगळी उत्तरं या एकाच व्यवहाराभोवती फिरतात: जे मोजलं नाही ते कशाच्या भरवशावर भरलं?

२. मागच्या वेळी पाऊण तास लागला होता. या वेळी बारा मिनिटांत बाहेर आलो. काही सोडून तर दिलं नाही ना?

बहुधा नाही. गुडघा, कंबर, मेंदू यांच्या ठराविक तपासण्या आता नव्या मशीनवर दहा-पंधरा मिनिटांत होतात आणि त्यात सिक्वेन्स तेवढेच असू शकतात. खात्री करायची असेल तर मिनिटं मोजत बसू नका. रिपोर्टच्या सुरुवातीला कोणते सिक्वेन्स, कोणत्या दिशांनी घेतले ते बहुधा लिहिलेलं असतं. ते तुमच्या डॉक्टरांना दाखवा. कधी कधी मात्र डॉक्टरांनी फक्त ‘स्क्रीनिंग’ लिहिलेलं असतं. तेव्हा खरोखरच मोजके सिक्वेन्स घेतात. ती वेगळी तपासणी आहे, वेगवान तपासणी नाही.

३. वेळ कमी लागतो, मग पैसे तेवढेच का?

खर्च मिनिटांवर ठरत नाही. मॅग्नेट थंड ठेवणं, वीज, देखभालीचा करार, रिपोर्ट लिहिणारा डॉक्टर, सगळं तेवढंच राहतं आणि वेगाच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स बऱ्याचदा वेगळं विकत घ्यावं लागतं. फायदा अपॉइंटमेंटमध्ये दिसतो. सुरगाणा किंवा पेठहून सकाळच्या एसटीने आलेल्या माणसाला ‘उद्या या’ ऐकावं लागत नाही.

४. वेगवान पद्धतीत मॅग्नेटचा धोका कमी होतो का? शरीरात धातू असेल तर?

अजिबात कमी होत नाही. मॅग्नेट चोवीस तास चालूच असतं, स्कॅन दोन मिनिटांचं असो की चाळीस. पेसमेकर, कानातलं कॉक्लिअर इम्प्लांट, मेंदूतली क्लिप यांचे नियम जसेच्या तसे लागू राहतात. इम्प्लांटचं कार्ड सोबत आणा, कारण काही इम्प्लांटना सलग किती वेळ स्कॅन चालेल याची मर्यादा त्यावर असते. तिथे कमी वेळ उपयोगी पडतो, पण परवानगी कार्डावरूनच ठरते.

अंबड-सातपूर एमआयडीसीत वेल्डिंग, ग्राइंडिंग किंवा लेथवर काम केलेल्यांनी एक गोष्ट आवर्जून सांगावी: डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का? पंधरा वर्षांपूर्वी गेला असेल तरी सांगा. आत राहिलेला कण मॅग्नेटजवळ हलला तर डोळ्याला इजा होते. शंका असेल तर आधी डोळ्यांचा एक्स-रे काढतात.

आवाजाचं विचाराल तर, तोही बहुधा तेवढाच असतो, फक्त लवकर थांबतो. कानात बोळे हवेतच.

५. या वेगाचा खरा फायदा कोणाला?

जो स्थिर राहू शकत नाही त्याला. वाकलेल्या कंबरेने दोन मिनिटंही सरळ झोपू न शकणारा शेतमजूर, कंप असलेले आजोबा, बंद जागेची भीती असलेली बाई, आणि लहान मुलं. मुलांच्या बाबतीत वीस मिनिटांची तपासणी सहा-सात मिनिटांवर आली तर काही वेळा भूल किंवा गुंगीचं औषध टाळता येतं. पोटाच्या तपासणीत श्वास रोखावा लागतो; २२ सेकंद न जमणाऱ्यांना १२ सेकंद जमतात. आणि हललेलं संथ स्कॅन हे न हललेल्या वेगवान स्कॅनपेक्षा केव्हाही वाईट. कागदावर कमी सिग्नल असलेलं चित्र प्रत्यक्षात जास्त कामाचं ठरतं ते यामुळेच.

६. ‘रिकन्स्ट्रक्शन’ म्हणजे काय? चित्र मशीनला थेट दिसत नाही का?

नाही. मशीन चित्राचे ठिपके मोजत नाही, चित्रातल्या लहरी मोजतं. ती मोजमापं ज्या तक्त्यात भरली जातात त्याला के-स्पेस म्हणतात. तक्ता भरला की फूरिये रूपांतराने त्याचं चित्र होतं. हे रूपांतर म्हणजे साधं रिकन्स्ट्रक्शन.

नाशिक ढोल आठवा. मिरवणूक दोन गल्ल्या पलीकडे असली तरी ढोलाचा ठोका छातीत जाणवतो. ताशाची तडतड मात्र जवळ गेल्याशिवाय नीट उमगत नाही. के-स्पेसचा मधला भाग म्हणजे ढोल: तिथे सिग्नल जोरकस असतो आणि चित्रातला काळा-पांढरा फरक, अवयवांचे ठळक आकार तिथून येतात. कडेचा भाग म्हणजे ताशा: सिग्नल क्षीण, पण कडा, चिरा, बारीक नसा तिथून येतात. म्हणून कडेच्या ओळी कमी केल्या की चित्र दिसतं, पण धूसर. मधल्या गाळल्या की चित्रच राहत नाही. वेगाच्या बऱ्याच पद्धती मधल्या ओळी पूर्ण घेतात आणि काटकसर कडेला करतात.

७. वेळ नेमका कशात कमी होतो? एखादं उदाहरण द्या.

साध्या टर्बो स्पिन एको सिक्वेन्सचा (एका फेरीत बऱ्याच ओळी वाचणारा प्रकार) हिशेब असा:

वेळ = टीआर × फेजच्या ओळी × अ‍ॅव्हरेज ÷ टर्बो फॅक्टर

टीआर म्हणजे एका फेरीचा वेळ, फेजच्या ओळी म्हणजे चित्राला लागणाऱ्या के-स्पेसच्या ओळी, अ‍ॅव्हरेज म्हणजे तेच मोजमाप किती वेळा घेतलं, टर्बो फॅक्टर म्हणजे एका फेरीत किती ओळी. कंबरेचा सॅजिटल टी२ (बाजूने पाहिलेलं, पाणी पांढरं दिसणारं चित्र) घ्या. टीआर ४००० मिलिसेकंद, फेजच्या ओळी ३२०, टर्बो फॅक्टर १६, अ‍ॅव्हरेज २. म्हणजे ३२० ÷ १६ = २० फेऱ्या, दर फेरीला ४ सेकंद, दोनदा: १६० सेकंद.

आता पॅरलल इमेजिंगचा (ओळी गाळून, सिग्नल ऐकणाऱ्या कॉइल म्हणजे अँटेनांच्या मदतीने चित्र भरणं, प्रश्न ९) फॅक्टर २ लावला, म्हणजे दोनातली एकच ओळ मोजली. ओळी १६० झाल्या. पण मधल्या २४ ओळी कॅलिब्रेशनसाठी, म्हणजे कोणत्या कॉइलला कुठलं किती ऐकू येतं ते जाणण्यासाठी, पूर्ण हव्यात, त्यातल्या १२ आधीच्या १६० मध्ये आहेत, म्हणून १२ वाढल्या. एकूण १७२ ओळी, म्हणजे ११ फेऱ्या आणि ८८ सेकंद. फॅक्टर २ असूनही वेळ ८० वर न येता ८८ वर का थांबला, याचं उत्तर या १२ ओळींत आहे. कॅलिब्रेशन वेगळ्या छोट्या स्कॅनमध्ये घेणाऱ्या मशीनवर हा फरक सिक्वेन्समध्ये दिसत नाही, पण तो स्कॅन स्वतः काही सेकंद खातोच.

टीआर कमी करणं किंवा टर्बो फॅक्टर वाढवणं यानेही वेळ वाचतो. मात्र तिथे चित्राचा कॉन्ट्रास्ट बदलतो, धूसरपणा येतो. ती रिकन्स्ट्रक्शनची बाब नाही.

८. ‘पार्शल फूरिये’ ६/८ असं लिहिलेलं असतं ते काय?

के-स्पेसचा वरचा आणि खालचा अर्धा भाग तत्त्वतः एकमेकांचं प्रतिबिंब असतात. म्हणून एका बाजूच्या सगळ्या आणि दुसऱ्या बाजूच्या मधल्या थोड्याच ओळी घेऊन उरलेल्या काढता येतात. ६/८ म्हणजे पाऊण वेळ. प्रत्यक्षात रक्तप्रवाह, हवा, धातू यांमुळे फेज (इथे लहर कुठवर आली ती स्थिती) बिघडते आणि प्रतिबिंब तंतोतंत राहत नाही. सायनसजवळ किंवा प्लेटजवळ धूसर पट्टे दिसले तर आधी ७/८ करून पाहा. ५/८ शक्यतो नकोच.

९. निम्म्या ओळी गाळल्या तर निम्मं चित्र गायब का होत नाही?

गायब होत नाही, घडी पडते. एकाआड एक ओळ गाळली की चित्राचा वरचा अर्धा भाग खालच्यावर येऊन बसतो. ही घडी उलगडण्याचं काम कॉइल करतात.

मिरवणूक रविवार कारंजावर आली आहे आणि चौकाच्या चार कोपऱ्यांत चार जण मोबाईलवर रेकॉर्ड करत आहेत असं समजा. चारही रेकॉर्डिंगमध्ये सगळे ढोल मिसळलेले आहेत, पण प्रत्येकात जवळचा ढोल मोठा आणि लांबचा बारीक. कोणता मोबाईल कुठे होता हे माहीत असेल तर चार मिश्रणांतून प्रत्येक ढोल वेगळा काढता येतो. एमआरआयची कॉइलही एकच अँटेना नसते. गुडघ्याच्या किंवा डोक्याच्या कॉइलमध्ये आठ, सोळा, बत्तीस छोटे एलिमेंट असतात आणि प्रत्येकाला आपल्या जवळचा भाग जोरात ऐकू येतो. घडी पडलेल्या ठिपक्यात दोन जागांची बेरीज आहे, म्हणजे अज्ञात दोन. समीकरणं मात्र आठ. सोडवता येतात.

यात दोन घराणी आहेत. १९९९ ची सेन्स पद्धत आधी चित्र करते आणि मग घडी उलगडते. त्यासाठी कॉइलचा नकाशा आधी वेगळा घ्यावा लागतो. २००२ ची ग्रॅपा पद्धत के-स्पेसमध्येच काम करते: मधल्या पूर्ण ओळींवरून शेजारच्या ओळींचं आपसातलं नातं शिकते आणि गाळलेल्या ओळी त्या नात्याने भरते. त्याआधी १९९७ मध्ये स्मॅश ही पद्धत आली होती. प्रत्यक्ष वापरात पुढे सेन्स आणि ग्रॅपा ही दोनच घराणी टिकली.

१०. फॅक्टर २ ला चित्र छान येतं, ३ केला की मधोमध दाणेदार होतं. का?

दोन तोटे एकावर एक बसतात. पहिला अटळ आहे: कमी मोजलं की सिग्नल-नॉइजचं (कामाचा सिग्नल आणि निरुपयोगी खरखर यांचं) प्रमाण फॅक्टरच्या वर्गमुळाने घटतं. फॅक्टर २ ला मूळच्या ७१ टक्के उरतं, ३ ला ५८, ४ ला ५०.

दुसरा म्हणजे जी-फॅक्टर, म्हणजे घडी उलगडताना नॉइज किती पटीने फुगतं तो आकडा. शरीराच्या मधोमध प्रत्येक एलिमेंट सारख्याच अंतरावर असतो, म्हणून सगळ्यांना जवळपास सारखंच ऐकू येतं. समीकरणं आठ असली तरी ती एकमेकांसारखी होतात आणि सोडवताना नॉइज फुगतं. मधोमध जी-फॅक्टर १.५ झाला तर फॅक्टर ३ ला ५८ ऐवजी ३८ टक्केच उरतात. कडेला मात्र चित्र ठीक दिसतं. दाणे मधेच जमतात ते यामुळे.

उपाय करताना आधी दिशा पाहा. ज्या दिशेने एलिमेंट पसरलेले आहेत त्याच दिशेने वेग मिळतो. टेबलातल्या स्पाइन कॉइलचे एलिमेंट डोक्याकडून पायाकडे ओळीने असतात. सॅजिटलमध्ये फेजची दिशा (ज्या दिशेने ओळी गाळतो ती) डोके-पाय असेल तर फॅक्टर २ चालतो, फेज पुढे-मागे ठेवून फक्त मागच्या कॉइलवर तोच फॅक्टर लावला तर चित्र उतरतं. थ्रीडी सिक्वेन्समध्ये (काप-काप न घेता पूर्ण भाग एकदम) एकाच दिशेला ४ लावण्याऐवजी दोन दिशांना २ × २ लावा. वेळ तेवढाच, चित्र बरंच चांगलं.

११. वेळच निम्मा करायचा तर अ‍ॅव्हरेज २ चं १ का करू नये?

हा प्रश्न फार कमी जण विचारतात, पण विचारायला हवा. प्रश्न ७ मधल्या उदाहरणात अ‍ॅव्हरेज १ केलं तर ८० सेकंद लागतात आणि सिग्नल ७१ टक्के राहतो. फॅक्टर २ लावला तर ८८ सेकंद आणि ७१ टक्क्यांहून कमीच, कारण वर जी-फॅक्टर आहे. म्हणजे नुसत्या हिशेबात अ‍ॅव्हरेज कमी करणं सरस ठरतं!

तरी फॅक्टर लावण्याला कारणं आहेत. दोन अ‍ॅव्हरेजमध्ये श्वास, गिळणं, पाठीच्या कण्यातल्या पाण्याची हालचाल यांच्या सावल्या थोड्या विरतात. आणि जिथे अ‍ॅव्हरेज मुळातच १ आहे तिथे दुसरा उपाय उरत नाही: श्वास रोखून घेतलेला लिव्हरचा डायनॅमिक (कॉन्ट्रास्टचं औषध देऊन लागोपाठ घेतलेली चित्रं), थ्रीडी फ्लेअर (मेंदूतलं पाणी काळं करणारा सिक्वेन्स), डिफ्यूजन (पाण्याच्या कणांची हालचाल मोजणारा, प्रश्न १८). पॅरलल इमेजिंगचं खरं घर तिथे आहे.

१२. ग्रॅपा, अ‍ॅसेट, आर्क, सेन्स, स्पीडर... हे सगळं एकच का?

घराणी दोनच, कंपन्यांच्या पाट्या अनेक. सेन्स आणि अ‍ॅसेट चित्रात घडी उलगडतात, कॅनॉनचं स्पीडरही त्याच बाजूचं. ग्रॅपा आणि आर्क के-स्पेसमध्ये भरतात. दुसऱ्या कंपनीच्या मशीनवरचा प्रोटोकॉल उतरवून घेताना फॅक्टरचा आकडा तसाच टाकू नका. कॅलिब्रेशनच्या ओळी धरून आहे की सोडून, हे कंपनीगणिक बदलतं. शेवटी जुळवायचा तो एकूण वेळ आणि प्रत्यक्ष मोजलेला मॅट्रिक्स (चित्रात किती ओळी आणि किती रकाने ठिपके).

१३. पोटाच्या अ‍ॅक्सियलमध्ये (आडव्या कापात) लिव्हरच्या मधोमध एक वाकडी पांढरी रेघ येते. पॅथॉलॉजी (आजार) आहे की आर्टिफॅक्ट (चित्रातला खोटा दोष)?

रेघेचा आकार नीट पाहा. ती पोटाच्या किंवा पाठीच्या कातडीखालच्या चरबीसारखी वक्र असेल, अवयवांच्या सीमा ओलांडून जात असेल आणि पुढच्या-मागच्या स्लाइसमध्ये (कापात) तशीच सरकत असेल, तर ती घडी नीट न उलगडल्याची खूण आहे. साधं रॅप (घडी पडणं) चित्राच्या कडेला येतं; पॅरलल इमेजिंगचं रॅप चित्राच्या पोटात येतं आणि म्हणूनच फसवतं.

कारणं शोधण्याचा क्रम असा ठेवा.

आधी फिल्ड ऑफ व्ह्यू, म्हणजे चित्राची चौकट. सेन्स जातीच्या पद्धतीत फेजच्या दिशेने शरीर पूर्ण चौकटीत बसलं पाहिजे. पोट मोठं असेल किंवा हात बाजूला असतील तर चौकट वाढवा, हात वर घ्या. ग्रॅपा जातीला थोडी ढील चालते.

मग कॅलिब्रेशन स्कॅन. ते श्वास घेऊन घेतलं आणि सिक्वेन्स श्वास सोडून घेतला, तर नकाशा एका जागी आणि लिव्हर दुसऱ्या जागी. ‘श्वास घ्या... सोडा... थांबा’ ही सूचना दोन्ही वेळा सारखीच द्या. कॉन्ट्रास्टची सुई लावताना पेशंट थोडा उठला असेल, कॉइल सरकली असेल, तर कॅलिब्रेशन पुन्हा घ्या. तीस सेकंदांच्या आळसापायी पूर्ण डायनॅमिक वाया गेलेलं आहे, आणि कॉन्ट्रास्ट तर पुन्हा लगेच देता येत नाही.

त्यानंतर कॉइल. एखादा एलिमेंट बंद असेल किंवा कनेक्टर अर्धवट बसला असेल तर उलगडण्याची समीकरणं कमी पडतात. फॅन्टमवर (चाचणीसाठीच्या डमीवर) एकेका एलिमेंटचं चित्र काढून पाहा. एक काळं आलं की दोषी सापडला.

हे सगळं ठीक असूनही रेघ राहिली तर फॅक्टर ३ चा २ करा, किंवा कॅलिब्रेशनच्या ओळी २४ च्या ३२ करा. शंका तरीही उरली तर फेजची दिशा बदलून तेवढाच भाग पुन्हा घ्या: आर्टिफॅक्ट जागा बदलतो, गाठ बदलत नाही.

१४. कम्प्रेस्ड सेन्सिंग यापेक्षा वेगळं कसं?

पॅरलल इमेजिंग कॉइलवर भरवसा ठेवतं, कम्प्रेस्ड सेन्सिंग चित्राच्या स्वभावावर. मोबाईलमधला फोटो जेपीईजी करून छोटा होतो, कारण त्यातली बरीच माहिती मोजक्या आकड्यांत मावते. एमआरआयचंही तसंच. मग मोजतानाच कमी का मोजू नये, हा विचार २००६ च्या सुमारास गणितात पक्का झाला आणि २००७ मध्ये एमआरआयसाठी मांडला गेला.

अट अशी की ओळी ठराविक अंतराने न गाळता विस्कळीत गाळायच्या. ठराविक गाळल्या की स्वच्छ घडी पडते आणि ती खऱ्या अवयवासारखी दिसते. विस्कळीत गाळल्या की तीच चूक चित्रभर धुरळ्यासारखी पसरते, आणि धुरळा झाडता येतो. मशीन मग पुन्हा पुन्हा दोन कामं करतं: धुरळा झाडायचा, आणि मोजलेल्या ओळींशी चित्र जुळतं का ते तपासायचं. अशा कित्येक फेऱ्या होतात, म्हणून चित्र यायला वेळ लागतो (प्रश्न १९).

विस्कळीतपणाला जागा लागते. टूडीत एकच फेज दिशा असते, थ्रीडीत दोन. म्हणून ही पद्धत एमआरसीपी (पित्तनलिकांचा एमआरआय), मेंदूच्या रक्तवाहिन्यांची टीओएफ अँजिओ, थ्रीडी फ्लेअर, लिव्हर डायनॅमिक यांत खुलते. टूडी गुडघ्यात एकटीने फारसं काही करत नाही. धातूच्या सांध्याजवळच्या खास सिक्वेन्सना एरवी फार वेळ लागतो, तिथेही ती कामी येते.

झाडण्याची तीव्रता वाढवली की चित्र मेणासारखं गुळगुळीत होतं. लिव्हरचा पोत नाहीसा झाला, बारीक नसा तुटक दिसू लागल्या, की समजा जास्त झालं.

१५. ‘एआय एमआरआय’ म्हणतात त्यात एआय नेमकं काय करतं? रिपोर्ट तोच लिहितो का?

रिपोर्ट डॉक्टरच लिहितात. इथलं एआय चित्र तयार करतं. प्रश्न १४ मधलं ‘धुरळा झाडणं’ तिथे माणसाने लिहिलेल्या नियमाने व्हायचं. इथे तो नियम हजारो स्कॅनवरून शिकलेला असतो. प्रशिक्षणात पूर्ण मोजलेलं स्कॅन आणि त्यातूनच ओळी गाळून केलेलं अपुरं स्कॅन अशा जोड्या देतात. न्यूरल नेटवर्क अपुऱ्यातून पूर्ण काढायला शिकतं. डीप रिझॉल्व्ह, एअर रिकॉन डीएल, स्मार्टस्पीड ही कंपन्यांची नावं याच वर्गातली, पण प्रत्येकाची आतली रचना वेगळी आहे.

विकत घेताना एक भेद विचाराच. काही प्रणाली कच्च्या के-स्पेसवर काम करतात आणि दर फेरीला मोजलेल्या ओळींशी ताळा करतात. काही तयार झालेल्या चित्रावर नंतर फक्त पॉलिश करतात. पहिल्यांना मोजमापाचा लगाम आहे. दुसऱ्यांना नाही.

१६. एआय नसलेला आजार दाखवेल का? असलेला लपवेल का?

दोन्ही शक्य आहे. ताळा फक्त मोजलेल्या ओळींचा होतो. न मोजलेल्या जागी नेटवर्क जे शिकलं तेच भरतं. २०२० च्या फास्टएमआरआय स्पर्धेत (कमी मोजून चित्र काढण्याची स्पर्धा, प्रश्न २०) एका मॉडेलने मेंदूत नसलेली रक्तवाहिनी काढल्याचं आयोजकांनीच नोंदवलं आहे. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखवलं की डोळ्याला न दिसणारा बारीक बदल डेटात केला तरी काही नेटवर्कचं चित्र मोडतं.

जास्त धास्ती लपण्याची. जुन्या पद्धतीचं चित्र बिघडलं तर दाणेदार दिसतं आणि डॉक्टर सावध होतात. एआयचं चित्र बिघडलं तरी देखणंच राहतं. गुडघ्यातल्या मेनिस्कसची बारीक चीर, मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतली दोन-तीन मिलिमीटरची गाठ, मेंदूतले सूक्ष्म रक्तस्राव अशा जागी सांभाळून राहा.

कन्सोलवर पाळता येतील अशा गोष्टी: झाडण्याची पातळी मध्यमवर ठेवा, सर्वांत वरची नको. आडवं आणि उभं अशा दोन दिशांत एकच दोष दिसतो का पाहा. नवा प्रोटोकॉल लावल्यावर काही आठवडे एक सिक्वेन्स जुन्या पद्धतीनेही घ्या आणि डॉक्टरांना दोन्ही पाठवा. आणि मॅट्रिक्सचा आकडा तपासा: पडद्यावर १०२४ दिसतो म्हणून १०२४ मोजलेला नसतो. मोजलेला २५६ असेल आणि उरलेला वाढवलेला असेल, तर मिलिमीटरच्या गाठीबद्दल ठामपणे बोलताना तो २५६ च लक्षात ठेवायचा.

१७. आमचं १.५ टेस्ला दहा वर्षं जुनं आहे. यातलं काय मिळेल?

कॉइलला आठच चॅनल (एलिमेंट) असतील तर टूडीत फॅक्टर २ च्या पुढे जाऊ नका. कम्प्रेस्ड सेन्सिंग आणि कच्च्या डेटावरचं एआय यांना सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आणि बहुधा ग्राफिक्स कार्ड असलेला नवा रिकन्स्ट्रक्शन कॉम्प्युटर लागतो. मॅग्नेट तेच राहू शकतं. बाहेरच्या कंपन्यांची चित्र स्वच्छ करणारी सॉफ्टवेअरं कोणत्याही मशीनला जोडता येतात, पण ती दुसऱ्या जातीची आहेत (प्रश्न १५).

०.२ ते ०.४ टेस्लाच्या ओपन मशीनवर मुळात सिग्नलच इतका कमी असतो की गाळायला काही शिल्लक नसतं. तिथे नॉइज झाडणारं सॉफ्टवेअर उपयोगी, वेगाचा फॅक्टर नाही.

१८. डिफ्यूजनमध्ये फॅक्टर २ लावून वेळ फारसा वाचत नाही. मग लावतात कशाला?

चित्र वाकडं होऊ नये म्हणून. डिफ्यूजनमध्ये एकाच झटक्यात सगळ्या ओळी वाचतात. वाचन जितकं लांबतं तितकी सायनस, कानाची पोकळी, कवटीचा तळ अशा हवेजवळच्या जागी विकृती वाढते. फॅक्टर २ ने ही विकृती जवळपास निम्मी होते. तो काढून वेळेत काही फरक पडत नाही म्हणणाऱ्यांनी टेम्पोरल लोबच्या तळाची स्लाइस एकदा शेजारी ठेवून पाहावी. खऱ्या वेळेच्या बचतीसाठी इथे एकाच वेळी दोन-तीन स्लाइस उत्तेजित करणारी मल्टिस्लाइस पद्धत वापरतात. तिथेही उलगडण्याचं काम कॉइलच करतात.

१९. स्कॅन संपलं, पण चित्रं दहा मिनिटं आलीच नाहीत. मशीन बंद-चालू करू का?

नको. रिकन्स्ट्रक्शनचा कॉम्प्युटर कन्सोलहून वेगळा असतो आणि त्याच्याकडे रांग लागलेली असू शकते. डेटाचा अंदाज घ्या: ३२० × २५६ × १६० चा थ्रीडी, २० चॅनल, दर नमुन्याला ८ बाइट, म्हणजे सुमारे २ जीबी. त्यावर कम्प्रेस्ड सेन्सिंगच्या फेऱ्या चालल्या आहेत. रीस्टार्ट केलं तर रांगेतला कच्चा डेटा जाऊ शकतो आणि पेशंटला पुन्हा आत घ्यावं लागतं.

रांगेची यादी उघडून काम पुढे सरकतं आहे का पाहा. थांबलं असेल तर बहुतेक मशीनवर कच्च्या डेटावरून रिकन्स्ट्रक्शन पुन्हा सुरू करता येतं, पण लवकर: हा डेटा थोडाच काळ राहतो, नवा आला की जुना आपोआप पुसला जातो. जड सिक्वेन्स तपासणीच्या शेवटी न ठेवता मधे ठेवा, म्हणजे पुढचं स्कॅन चालू असताना चित्रं तयार होतील. पेशंट टेबलावरून उतरण्याआधी सगळी चित्रं डोळ्यांखालून घाला.

लाइट जाण्याचा भरवसा नाही, म्हणून यूपीएसवर कन्सोलबरोबर हा कॉम्प्युटरही आहे ना, ते इन्स्टॉलेशनच्या वेळीच पाहा. एप्रिल-मेमध्ये इक्विपमेंट रूमचा एसी दमला की ग्राफिक्स कार्ड तापून आपला वेग कमी करतं. दुपारी चित्रं उशिरा आणि सकाळी वेळेवर येत असतील तर आधी तिकडे बघा.

२०. इंजिनिअरिंगच्या प्रोजेक्टसाठी हे घरच्या लॅपटॉपवर करून बघता येईल का?

येईल. न्यूयॉर्क विद्यापीठाचं लँगोन हेल्थ आणि फेसबुकचा एआय विभाग यांनी २०१८ मध्ये सुरू केलेल्या फास्टएमआरआय प्रकल्पाचा गुडघ्यांचा कच्चा डेटा संशोधनासाठी अर्ज भरून मिळतो. पायथन आणि नमपाय एवढ्यावर सुरुवात होते. एक स्लाइस घ्या, ३६८ ओळी धरा. चौपट वेगासाठी ९२ ओळी ठेवायच्या, त्यातल्या मधल्या ८ टक्के म्हणजे २९ सलग, उरलेल्या ६३ विखुरलेल्या. बाकी शून्य करून उलटं फूरिये रूपांतर करा आणि बिघडलेलं चित्र आधी डोळ्यांनी पाहा. मग कम्प्रेस्ड सेन्सिंग, मग नेटवर्क. चित्र चार तुकड्यांत कोपऱ्यांना गेलेलं दिसलं तर एफएफटी शिफ्ट (चित्र मधोमध आणणारी पायरी) राहिला आहे.

आता नेहमीची मोठी चूक. कच्चा डेटा नाही म्हणून मुलं सेंटरमधून सीडी आणतात, चित्राचं फूरिये रूपांतर करतात आणि त्यालाच के-स्पेस म्हणतात. ते चित्र आधीच सगळ्या कॉइलची बेरीज केलेलं, फेज टाकून दिलेलं, शून्यं भरून मोठं केलेलं, कधी जेपीईजीत दाबलेलं असतं. त्यावर कोणतीही पद्धत खोटी चांगली दिसते. खऱ्या मशीनवर ती पडते. दुसरी चूक: एकाच पेशंटच्या काही स्लाइस प्रशिक्षणात आणि काही परीक्षेत. विभागणी पेशंटप्रमाणे करा. तिसरी: पूर्ण चित्राचा एसएसआयएम (दोन चित्रं किती सारखी ते सांगणारा आकडा) देऊन थांबणं. तीन मिलिमीटरची चीर पुसली गेली तरी तो आकडा जवळजवळ हलत नाही. चीर असलेला चौकोन वेगळा मोजा.

पेशंटची सीडी वापरण्याआधी नाव, वय, तारीख काढणं आणि संस्थेच्या एथिक्स कमिटीची परवानगी, हे मार्गदर्शकांना पहिल्याच दिवशी विचारा.

२१. चार वर्षांपूर्वीची सीडी आहे. ती नव्या एआयने पुन्हा रिकन्स्ट्रक्ट करून मिळेल का?

नाही. सीडीवर तयार चित्रं असतात, के-स्पेस नसतो. तो तेव्हाच पुसला गेला. फार तर त्या चित्रांना पॉलिश होईल, नवी माहिती येणार नाही.

तरी सीडी टाकू नका, पुढच्या तपासणीला घेऊन या. फिल्मपेक्षा सीडी बरी, कारण तिच्यातल्या हेडरमध्ये टीआर, स्लाइसची जाडी, मॅट्रिक्स, बहुधा वेगाचा फॅक्टरही लिहिलेला असतो. जुनं चित्र दाणेदार आणि नवं एआयने गुळगुळीत केलेलं असेल तर तोच डाग या वेळी ठळक किंवा फिका दिसू शकतो, आजार बदललेला नसतानाही. गाठीची वाढ किंवा एमएसचे (मल्टिपल स्क्लेरोसिसचे) नवे डाग मोजायचे असतील तर शक्यतो त्याच मशीनवर, त्याच प्रोटोकॉलने स्कॅन करा. ते जमत नसेल तर ‘आधीचं स्कॅन वेगळ्या पद्धतीचं होतं’ एवढं फॉर्मवर लिहायला टेक्निशियनला सांगा.